पत्रा आधी, इंजिन नंतर: गोव्यात जुनी कॉन्टेसा घरी नव्याने कशी उभी करावी

अमेरिकन मसल कार म्हणजे लांबलचक नाक, मोठे आठ सिलिंडरचे व्ही-८ इंजिन आणि मागच्या चाकांना मिळणारी ताकद. आपल्याकडे त्या थाटाची गाडी शोधायला गेले की बोट एकाच नावावर थांबते, ते म्हणजे कॉन्टेसा. हिंदुस्थान मोटर्सने १९८४ पासून २००२ पर्यंत ती बनवली. बॉडी इंग्लंडच्या व्हॉक्सहॉलची. सुरुवातीच्या गाड्यांत अँबॅसॅडरचे १.५ लिटरचे इंजिन होते, म्हणजे अंग पैलवानाचे आणि दम शाळकरी पोराचा. पुढे इसुझूचे १.८ लिटर पेट्रोल इंजिन आणि पाच गिअर आले. घ्यायची तर हीच घ्या. तेच इंजिन अँबॅसॅडर १८०० आयएसझेडमध्येही होते, त्यामुळे सुटे भाग मिळायची आशा राहते. आमच्या डिचोलीकडची माणसे त्यासाठी चोर्ला घाट चढून बेळगाव गाठतात.

विकत घेताना

खिशात एक छोटे लोहचुंबक आणि रुमाल ठेवा. रंगाला चरा पडू नये म्हणून चुंबक रुमालात गुंडाळायचे आणि चाकांच्या कमानी, दरवाजांचा खालचा भाग, दारांखालची पट्टी यांवरून फिरवायचे. जिथे ते चिकटत नाही तिथे खाली पुट्टी आहे. मी पहिली गाडी घरी आणली तेव्हा शेजारच्या मेस्तांनी बोनेटवर टिचकी मारून विचारले होते, "बाब, गाडी पत्र्याची घेतली की पुट्टीची?" हसण्यावारी नेले, पण डाव्या कमानीतून पुढे बोटभर जाडीची पुट्टी निघाली.

नंतर मॅट उचलून फ्लोअर बघा, डिकीत स्टेपनीचा खड्डा बघा, पुढच्या काचेखालच्या कोपऱ्यांत बोट घालून बघा. इंजिन धूर सोडत असेल तर भाव पाडा, पण गाडी सोडू नका. फ्लोअर पोकळ असेल तर मात्र हात जोडून निघा. चासी नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी स्वतः ताडून पाहा. गाडी दुसऱ्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी हातात पडल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका.

खोलताना

बॅटरीची अर्थ वायर आधी काढा. गाडीखाली शिरायचे तर घोड्या (गाडी तोलून धरणारे लोखंडी स्टँड) लावूनच, नुसत्या जॅकवर कधीही नाही. अंगणातली लाल माती पावसाने भुसभुशीत होते, म्हणून घोडीखाली जाड फळी किंवा सिमेंटची लादी हवी. प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या, आणि नट-बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत भरून त्यावर नाव लिहा. 'लक्षात राहील' हे गॅरेजमधले सर्वांत महाग वाक्य आहे.

पत्रा

वेळ आणि पैसा इथेच ओता. खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस यांत लोखंड टिकवणे हीच गोव्यातली खरी कसोटी. इंजिन पुढच्या वर्षीही होईल, पण गंज कोणासाठी थांबत नाही.

कॉन्टेसाला वेगळी चासी नाही, बॉडीच सगळा भार घेते. म्हणून दारांखालची पट्टी कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप टाकून ती बांधून घ्या. नाहीतर गाडी मध्ये झुकते आणि मग दार बसता बसत नाही. वेल्डिंगला बसण्याआधी पेट्रोलची टाकी उतरवून दूर ठेवा आणि पाण्याची बादली व आग विझवायचा सिलिंडर जवळ घ्या.

गंजलेला भाग चकचकीत धातू लागेपर्यंत कापा. वरून तांबूस डाग दिसतो तो थोडाच असतो, आत तो दोन-तीन इंच पसरलेला निघतो. साधारण १ मिलिमीटर जाडीचा पत्रा पुठ्ठ्याच्या मापाने कापून बसवा. वेल्डिंगची सलग रेघ ओढू नका. एक टाका इथे, दुसरा समोरच्या टोकाला, मध्ये थंड होऊ द्या. घाई केली की पत्रा पापडासारखा वाकतो. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा वापराल तर वेल्डिंगच्या जागचे जस्त घासून काढा, त्याचा धूर छातीत जातो. जोडांवर सीलर, उघड्या पत्र्यावर इपॉक्सी प्राइमर आणि बंद पोकळ्यांत मेणाचा फवारा. दारांच्या तळाशी पाणी जायची बारीक भोके असतात, ती रंगाने बुजवू नका.

रंग दिवाळीनंतरच. मी एकदा गणेश चवथीला गाडी दारात हवी म्हणून जुलैमध्ये रंग मारला. चवथीला गाडी होती, पण बोनेटवर तांदळाएवढे फोड होते. नखाने एक फोडला तर आत पाण्याचा थेंब. सगळा रंग पुन्हा घासून काढावा लागला.

इंजिन

वर्षानुवर्षे बंद पडलेल्या गाडीला लगेच स्टार्टर मारू नका. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन चमचे इंजिन ऑइल सोडा आणि दोन दिवस थांबा. मग इंजिनच्या टोकाला असलेल्या क्रँक पुलीच्या बोल्टला पाना लावून हातानेच फिरवा. फिरले तर कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, गेज लावून मोजा. चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ असतील तर निम्मी चिंता गेली. एकच खूप कमी असेल तर त्यात थोडे ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर दोष बहुधा पिस्टनच्या रिंगांचा, नाही वाढला तर व्हॉल्वचा किंवा हेड गॅस्केटचा.

पेट्रोलच्या सगळ्या रबरी नळ्या बदला. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल येते, त्यात जुने रबर फुगते आणि चिरते. इथेनॉल चालणाऱ्याच नळ्या मागा.

ब्रेक आणि वायरिंग

ब्रेकचे सगळे रबर नवे घाला. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढते, आपल्या हवेत तर जास्तच, म्हणून दर दोन वर्षांनी बदला. जुन्या ब्रेक लायनरची धूळ तोंडाने फुंकू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसा. हेडलाइटसाठी रिले, म्हणजे बॅटरीतून थेट करंट देणारा वेगळा स्विच, लावा. जुन्या स्विचमधून सगळा करंट जाणे बंद झाले की त्याच बल्बचा उजेड वाढतो.

मॉडिफाय करायचे असेल तर

ठिणगी पाडणाऱ्या जुन्या पॉइंटऐवजी इलेक्ट्रॉनिक इग्निशन, रेडिएटरला इलेक्ट्रिक पंखा आणि मागेही सीटबेल्ट हे बदल करण्यासारखे आहेत. चाके फार रुंद घेऊ नका. पूर्ण वळणावर टायर कमानीला घासतो. दुसऱ्या मेकचे इंजिन बसवायचे तर आरटीओची परवानगी आधी काढा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आरसीवरच्या नोंदीपेक्षा वेगळा बदल करू देत नाही. रंग बदललात तरी आरसीवर नोंद हवी. १५ वर्षांनंतर नोंदणी दर पाच वर्षांनी नूतन होते आणि तिथे गाडी तपासतात. 'व्हीए' अक्षरांची विंटेज पाटी मात्र ५० वर्षांपुढच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना, म्हणजे कॉन्टेसाला अजून थांबावे लागेल.

रस्त्यावर

इंजिन पूर्ण खोलून भरले असेल तर पहिले ५०० किलोमीटर ताणू नका आणि त्यानंतर ऑइल बदला. मिरामार किंवा मोरजीला किनाऱ्याजवळ गाडी लावून आलात तर त्याच संध्याकाळी खालून गोड्या पाण्याचा पाइप मारा, कमानींच्या आतल्या कडांना आधी.