टायमिंग चेनच्या फटीत पडलेला नट
बाइकच्या इंजिनाचे टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारे स्क्रू) सेट करताना जरा जास्तच सैल केलेला लॉकनट, म्हणजे तो स्क्रू जागी धरणारा नट, निसटला आणि टायमिंग चेनच्या (इंजिनाच्या आतल्या, व्हॉल्व्ह वेळेवर चालवणाऱ्या साखळीच्या) फटीतून थेट खाली. टुण्णकन आवाज झाला, पोटात गोळाच आला. अशा वेळी किक मारायची नाही, क्रँकही (इंजिनाचा मुख्य दांडा) फिरवायचा नाही. नट चेन आणि तिच्या दातेरी चाकात (स्प्रॉकेट) अडकला तर संपलंच.

पेनासारखं मॅग्नेट घातलं, पण ते दरवेळी चेनलाच चिकटायचं. ब्लॉक अ‍ॅल्युमिनियमचा, त्याचा त्रास नाही. चेन मात्र पोलादी. शेवटी बारीक मॅग्नेट पेट्रोलच्या जुन्या पाइपच्या तोंडात घट्ट बसवलं, आकार टिकावा म्हणून आत तार सरकवली. आता ते बाजूने चेनला पकडेना. तिसऱ्या खेपेला नट वर आला, तेलाने माखलेला.

मग फटीत फडकं कोंबलं (आधी सुचलं असतं तर!) आणि दुसरा टॅपेट घेतला.