चौकातील मोजणी महापालिकेपर्यंत कशी न्यावी

रस्ता ओलांडता येत नाही, ही तक्रार पुण्याच्या जवळजवळ प्रत्येक प्रभागात ऐकू येते. परंतु पथ विभागातील अभियंत्याला निर्णय घेण्यासाठी आकडे लागतात, आणि ते रहिवाशांना स्वतः गोळा करता येतात.

मोजणीसाठी आठवड्याच्या मधला, सण किंवा शाळेची सुट्टी नसलेला दिवस निवडावा आणि सकाळ-संध्याकाळच्या गर्दीत दर पंधरा मिनिटांची नोंद स्वतंत्र ठेवावी. एकाने पादचारी मोजावेत, तर दुसऱ्याने दुचाकी, रिक्षा, मोटारी, बस आणि ट्रक वेगवेगळ्या रकान्यांत लिहावेत. बसमधील प्रवाशांचा अंदाजही जरूर नोंदवावा, कारण पन्नास माणसांची बस आणि एकाच माणसाची मोटार वाहनसंख्येत सारखीच धरली जाते.

रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या ‘इंडियन रोड्स काँग्रेस’ या संस्थेच्या निकषानुसार गर्दीच्या तासातील पादचाऱ्यांच्या संख्येला वाहनसंख्येच्या वर्गाने गुणायचे असते. हा गुणाकार दुभाजक नसलेल्या रस्त्यावर 10 कोटींहून आणि दुभाजक असलेल्या रस्त्यावर 20 कोटींहून अधिक भरला, तर पादचाऱ्यांसाठी नियंत्रित क्रॉसिंगची, म्हणजे जिथे वाहनांना थांबावे लागते अशा क्रॉसिंगची, गरज मानली जाते. ताशी 500 पादचारी आणि 600 वाहने असतील, तर 500 × 600 × 600 म्हणजे 18 कोटी हे उत्तर येते. म्हणजे पहिल्या रस्त्यावर मागणी निकषात बसते, दुसऱ्यावर बसत नाही.

मात्र या सूत्राची एक उणीव मला फार गंभीर वाटते. रस्ता जितका धोकादायक, तितके तो ओलांडणारे कमी होतात आणि गुणाकारातील पादचाऱ्यांचा आकडा खाली येतो. ज्येष्ठ नागरिक तर तिकडे फिरकेनासेच होतात. म्हणून कडेला किती जण थांबले, त्यांना किती सेकंद ताटकळावे लागले आणि किती जण मागे वळले, याचाही रकाना ठेवावा. माझ्या मते या अर्जातील सर्वांत मोलाची नोंद हीच आहे.

सिग्नल असल्यास रस्त्याची रुंदी आणि पादचाऱ्यांच्या हिरव्या दिव्याची वेळ ताडून पाहावी. सेकंदाला 1.2 मीटर या वेगाने 18 मीटरचा रस्ता ओलांडायला 15 सेकंद लागतात; 0.8 मीटर वेगाने चालणाऱ्या आजींना मात्र 22 सेकंदांहून अधिक लागतात.

हे तक्ते, जागेचा नकाशा आणि एकच नेमकी मागणी जोडून क्षेत्रीय कार्यालयात अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. पुणे महापालिका अंदाजपत्रकासाठी नागरिकांकडून कामे मागवते, तेव्हा हीच कागदपत्रे पुन्हा जोडावीत. काम झाल्यावर त्याच वारी, त्याच वेळी पुन्हा मोजणी करून ते आकडेही त्याच कार्यालयात द्यावेत.