फळी ठोकण्याआधी: कोणता मायक्रोवेव्ह किती किलोचा?

डोंबिवलीत घरोघरी जाऊन मायक्रोवेव्ह दुरुस्त करणं हा माझा धंदा. पण मला जे फोन येतात त्यातले बरेच दुरुस्तीचे नसतातच, सुतारांचे असतात. "दादा, वहिनी म्हणतायत ओट्याच्या वर फळी मारून द्या, मायक्रोवेव्ह ठेवायचाय. किती किलो धरू?" मी विचारतो, कोणता? तो म्हणतो, पंचवीस लिटरचा. आता लिटर म्हणजे आतली पोकळी. पोकळीला कसलं आलंय वजन? अठ्ठावीस लिटरचा ओटीजी, म्हणजे केक भाजायची विजेची भट्टी, सात-आठ किलोत येतो आणि वीस लिटरचा साधा मायक्रोवेव्ह त्याच्यापेक्षा जड भरतो, हे सांगितलं की समोरचा गप्प होतो.

फरक ट्रान्सफॉर्मरचा आहे. ओटीजीत काय, पत्रा आणि तापणाऱ्या सळ्या. मायक्रोवेव्हमधल्या मॅग्नेट्रॉनला, म्हणजे अन्न तापवणाऱ्या लहरी तयार करणाऱ्या भागाला, मात्र चार हजार व्होल्टच्या आसपास वीज लागते आणि घरात येते २३०. ट्रान्सफॉर्मर ती दोन हजारांपर्यंत चढवतो, पुढचं काम कॅपॅसिटर आणि डायोड करतात. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास हेलकावे. इतक्या संथ विजेवर एवढी ताकद पेलायची तर लोखंडी पट्ट्यांचा भक्कम गाभा लागतोच. हा एकटा ठोकळा तीन ते पाच किलोचा असतो.

इन्व्हर्टर मायक्रोवेव्हमध्ये हा ठोकळा नसतो. तिथे एक सर्किट बोर्ड विजेचे हेलकावे सेकंदाला हजारोंच्या घरात नेतो, मग गाभा मुठीएवढा पुरतो आणि सगळं प्रकरण किलोच्या आत आटोपतं. त्यामुळे दुकानात दोन डबे उचलून "हा जड आहे, म्हणजे दणकट असणार" असं ठरवणाऱ्या काकांना मी नेहमी थांबवतो. हलका इन्व्हर्टरवाला असू शकतो. किंवा ट्रान्सफॉर्मरची वाइंडिंग, म्हणजे गाभ्याभोवतीचे तारेचे वेढे, तांब्याऐवजी अ‍ॅल्युमिनियमची असेल, तेही वजन कमी करतं. पहिली गोष्ट चांगली, दुसरी काटकसरीची, आणि नुसत्या हाताला दोन्हींतला फरक कळत नाही.

मुळात हे यंत्र जन्मलंच अवाढव्य. अमेरिकेतल्या रेथिऑन कंपनीने १९४७ मध्ये बाजारात आणलेला पहिला मायक्रोवेव्ह माणसाएवढा उंच होता, वजन सुमारे ३४० किलो, आणि मॅग्नेट्रॉन थंड ठेवायला पाण्याची नळी जोडावी लागे. ओट्यावर मावणारा घरगुती मायक्रोवेव्ह अमाना कंपनीने १९६७ मध्ये काढला. तेव्हा आपल्या अठरा किलोंना फार नावं ठेवू नयेत.

आता आकड्यांकडे. माझ्या हाताखालून जे जातं आणि लेबलांवर जे छापलेलं असतं, त्यावरून सांगतो. १७ ते २० लिटरचा सोलो साधारण १० ते १२ किलो. यात फक्त गरम करण्याची सोय, पत्र्याची एकच भिंत, वर रंग. ग्रिलवाला २० ते २५ लिटरचा १२ ते १५ किलो, कारण छताला सळई येते आणि पत्राही थोडा जाड. कन्व्हेक्शनमध्ये मागच्या बाजूला गोल हीटर, गरम हवा फिरवणारा पंखा, त्याची मोटर, उष्णता बाहेर पडू नये म्हणून अस्तर आणि आत बहुतेक वेळा स्टीलची पोकळी. म्हणून २० ते २३ लिटरचा १४-१५ किलोवर जातो, २८ लिटरचा १६ ते १९ आणि ३२ लिटरचा विसाच्या आसपास. हाताला अंदाज हवा असेल तर घरातला रिकामा गॅस सिलिंडर उचलून बघा. त्याचं स्वतःचं वजन कड्याजवळच्या पट्टीवर लिहिलेलं असतं, साधारण पंधरा-सोळा किलो. मधल्या आकाराचा कन्व्हेक्शन उचलताना तेवढंच ओझं हातात येतं, फक्त धरायला कडं नसतं.

कपाटात बसवायचे बिल्ट-इन निराळे. साधा मायक्रोवेव्ह चौकटीसकट १५ ते २० किलो, पण ४०-४५ लिटरचा ओव्हन आणि मायक्रोवेव्ह एकत्र असलेला असेल तर तीस ते चाळीस किलो. तो दोन माणसांनीच उचलायचा, आणि त्याच्याखालचं फर्निचर पार्टिकल बोर्डचं असेल तर मी बसवायला नाही म्हणतो. हॉटेलातले मोठे, १८०० वॉटच्या वरचे, त्यात दोन मॅग्नेट्रॉन आणि दोन ट्रान्सफॉर्मर असतात. तीस किलो सहज. अमेरिकेत शेगडीच्या वर, चिमणीच्या जागी टांगलेला मायक्रोवेव्ह असतो, तो २२ ते २७ किलोचा. माझ्या भाच्याने तिकडे घर घेतल्यावर व्हिडिओ कॉलवर मला विचारलं, "मामा, हा काढून दुसरा मी एकटा बसवू का?" नाही. तिकडच्या भिंती जिप्सम बोर्डच्या, त्यामागच्या लाकडी खांबात स्क्रू गेला तरच वजन पेलतं, आणि खालून धरायला एक माणूस लागतोच.

तुमच्या मॉडेलचं नेमकं वजन हवं तर माहितीपुस्तकाच्या शेवटच्या पानांवरचा तक्ता बघा. बहुतेक ठिकाणी दोन आकडे असतात. निव्वळ वजन म्हणजे नुसत्या यंत्राचं. एकूण वजन म्हणजे थर्माकोल, खोकं, काचेची थाळी, जाळी, सगळं धरून, आणि ते दीड-दोन किलोंनी जास्त भरतं, कन्व्हेक्शनला तीनपर्यंतही. सुताराला निव्वळ सांगा, टेम्पोवाल्याला एकूण. ऑनलाइन दुकानांच्या पानांवर बऱ्याचदा खोक्याचं वजनच यंत्राचं म्हणून टाकलेलं असतं.

पुस्तक हरवलं असेल तर बाथरूमचा वजनकाटा काढा. आधी एकटे उभे राहा, आकडा लिहून ठेवा. मग मायक्रोवेव्ह छातीशी धरून उभे राहा आणि आकडा दुसऱ्या कुणाला तरी वाचायला सांगा, कारण तुम्हाला पायाखालचं काही दिसणार नाही. वजाबाकी केली की झालं. अर्धा-एक किलो इकडेतिकडे होईल, फळीसाठी तेवढं चालतं. बॅग मोजायच्या हुकाच्या काट्याला दोरी बांधून मायक्रोवेव्ह लटकवण्याची कल्पना कुणाला सुचली असेल तर विसरा.

उचलण्याबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण कंबर आणि काच दोन्ही इथेच जातात. समोर उभे राहिलात की बटणं उजवीकडे. त्या बटणांच्या मागे ट्रान्सफॉर्मर, मॅग्नेट्रॉन, कॅपॅसिटर, पंखा असा सगळा संसार. डाव्या दोन-तृतीयांश भागात नुसती पोकळी. म्हणजे बारा किलोतला मोठा वाटा एका कोपऱ्यात. दोन्ही हात सारख्या अंतरावर ठेवून उचललात तर यंत्र उजवीकडे कलंडतं आणि माणूस घाबरून हँडल पकडतो. हँडल उचलण्यासाठी नाहीच, दार उघडून सगळं पुढे येतं. आधी प्लग काढा. थाळी काढून टॉवेलात गुंडाळा, ती मोठ्या यंत्रात किलोच्या वर भरते. तिच्याखालची चाकांची रिंगही काढा. दाराला आडवी चिकटपट्टी मारा, पण काढताना रंग उडणार नाही अशी, रंगाऱ्यांकडची कागदी चालते. मग उजवा हात तळाखाली जरा जास्त आत सरकवा आणि गुडघे वाकवून उठा. टेम्पोत पायांवरच उभा ठेवायचा, आडवा नाही, आणि त्याच्या डोक्यावर पुस्तकांची खोकी नाहीत.

आता फळी. हिशोब असा मांडा. २८ लिटरचा कन्व्हेक्शन १८ किलो. आत काचेच्या भांड्यात बिर्याणी, तीन किलो. वर तुम्ही काही ठेवणार नाही असं आज म्हणताय, पण महिन्याभरात पावाचं पाकीट, औषधांचा डबा आणि मिक्सरची भांडी तिथे जाणार, त्याचे चार धरा. पंचवीस झाले. शिवाय दार ओढताना दरवेळी पुढे झटका बसतो, म्हणून दुप्पट, पन्नास किलो पेलेल अशीच फळी करायची.

खरी गोम पन्नास किलोंत नाही, अँगलमध्ये, म्हणजे फळीखालच्या एल आकाराच्या आधारात आहे. फळीवरचं वजन खाली दाबतं, पण भिंतीतल्या वरच्या स्क्रूला ते बाहेर ओढतं. समजा पंचवीस किलोंचा मध्य भिंतीपासून २२ सेंटीमीटरवर आहे. अँगलची भिंतीला टेकणारी उभी बाजू २० सेंटीमीटर असेल तर वरच्या स्क्रूंवर मिळून साधारण साडेसत्तावीस किलोंचा ओढा येतो. तीच बाजू दहा सेंटीमीटरची असेल तर पंचावन्न. सुतार पैसे वाचवायला नेमका हाच अँगल छोटा आणतात. त्यांना सांगा, लांब उभा अँगल, मधून तिरका आधार असलेला, आणि फळी १८ किंवा १९ मिलिमीटर प्लायची.

फळीची खोलीही बघा. बारा इंची फळीवर कन्व्हेक्शनचे पुढचे पाय हवेत राहतात. यंत्राचे चारही पाय फळीवर टेकले पाहिजेत, आणि मागे माहितीपुस्तकात सांगितलेली मोकळी जागा ठेवूनही टेकले पाहिजेत. मागे दहा सेंटीमीटर आणि वर वीस, एवढी मोकळीक बऱ्याच कंपन्या मागतात. उंची छातीच्या वर नको. डोक्यावरून उकळतं सूप उतरवणारी माणसं मी पाहिली आहेत, मला बघवत नाही.

भिंत कशाची आहे यावर सगळं अवलंबून. जुन्या इमारतींतल्या विटांच्या भिंतीत अँकर फास्टनर चांगला बसतो, फक्त तो टाइलमध्ये नाही तर टाइलच्या मागे विटेत खोल गेला पाहिजे. नव्या टॉवरांत भिंती सिपोरेक्सच्या, म्हणजे हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या ठोकळ्यांच्या. ड्रिल लोण्यात गेल्यासारखं जातं आणि सुतार खूश होतो. पण त्यात साधा प्लास्टिकचा प्लग दोन-चार महिन्यांत ढिला पडतो. त्या ठोकळ्यांसाठी वेगळे लांब नायलॉन अँकर मिळतात ते वापरा, नाहीतर भिंतीच्या आरपार बोल्ट घालून मागून पट्टी द्या, किंवा काँक्रीटचा कॉलम शोधा. यातलं काहीच जमत नसेल तर जमिनीवर उभा राहणारा लोखंडी स्टँड आणा, त्यात काही कमीपणा नाही. चाळींतल्या कडप्प्याच्या फळ्या तीन बाजूंनी भिंतीत घुसलेल्या असतील तर सोलोला हरकत नाही. एकाच बाजूने अडकवलेल्या, पुढे झुकलेल्या कडप्प्यावर काहीही ठेवू नका, तो वाकत नाही, थेट तुटतो.

फ्रिजवर ठेवू का, हे जवळपास प्रत्येक काकू विचारतात. माझं उत्तर नाही. वरचं झाकण एवढ्या वजनासाठी बनवलेलं नसतं, फ्रिजचं दार आपटलं की वरचं सगळं हलतं, आणि कन्व्हेक्शनची गरम हवा खाली फ्रिजला लागते.

बंद पडलेला विकायचा असेल तर भंगारवाला किलोवर घेतो, म्हणून ट्रान्सफॉर्मरवाल्याला इन्व्हर्टरपेक्षा जास्त पैसे येतात. तांब्याच्या लोभाने ट्रान्सफॉर्मर वेगळा काढायला घरी पत्रा उघडू नका. प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतकी वीज साठलेली असू शकते. आहे तसा, स्क्रू न काढता द्या, ई-कचरा गोळा करणारं केंद्र जवळ असेल तर तिथे. काचेची थाळी मात्र ठेवून घ्या. तिला भंगारात कुणी पैसे देत नाही, आणि सोसायटीत कुणाची ना कुणाची फुटतेच. फक्त देताना व्यास आणि खालची खाच जुळते का ते बघून द्या.