निवृत्तीनंतर पक्षी आणि लेखन यांची घडी कशी बसवली

निवृत्तीनंतर पक्षीनिरीक्षण आणि त्यावरचं लेखन एकमेकांचा वेळ खाऊ लागले. पहाटे नाशिक जिल्ह्यातलं नांदूर मध्यमेश्वर पक्षी अभयारण्य गाठलं की दुपारी लिहायला त्राण उरत नसे. लिहायला बसलं की पाणवठ्यावर काय उतरलं असेल याची हुरहुर.

शेवटी मी पक्ष्यांचंच वेळापत्रक स्वीकारलं. हिवाळ्यात स्थलांतरित पाहुणे असतात, हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब (एक रानहंस) सुद्धा. तेव्हा फक्त पाहायचं, लेख नाही. वहीत मात्र जागेवरच टिपायचं: वेळ, वारा, संख्या आणि पक्षी काय करत होता. हे शेवटचं सगळ्यांत मोलाचं. ‘शेकाट्या दिसला’ एवढ्यावरून चार महिन्यांनी एक ओळही सुचत नाही. ‘लांब लाल पायांनी उथळ पाण्यात चालत किडे टिपत होता’ यावरून परिच्छेद उभा राहतो. यादी त्याच संध्याकाळी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर.

लेखन जून ते सप्टेंबर. (सुगरणीचा नर याच दिवसांत घरटी विणतो, त्यामुळे उघडीप मिळाली की एखादी संध्याकाळ बाभळीपाशी जातेच, आणि जावीच.) नांदूर मध्यमेश्वर हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा ठरलं, अशा जागेबद्दल घाईत लिहिणं मला पटत नाही. संपादकांनी लेख मागितला, तर आता मी जुलैनंतरचीच तारीख देतो.