ग्लॅडिओलस: दांडे विकले, कंदांचं काय?

ऑक्टोबरात लावलेल्या ग्लॅडिओलसचे फुलांचे दांडे गुलटेकडीच्या बाजारात गेले, विक्रीची पट्टी हातात आली, की पुणे जिल्ह्यातल्या कितीतरी प्लॉटांचं पाणी तुटतं. ठिबकच्या नळ्या गुंडाळल्या जातात, पातीत जनावरं सोडली जातात. नुकसान होतं ते इथे. दिसतं मात्र पुढच्या हंगामात: पानं जोमात, दांड्याचा पत्ता नाही. मग दोष बियाण्याला.

लावलेला कंद त्याच हंगामात संपतो. त्याच्या डोक्यावर नवा कंद बसतो आणि दांडा काढल्यावरच्या सहा ते आठ आठवड्यांत उरलेल्या पानांवर पोसतो. म्हणून दांडा कापताना खाली किमान चार पानं राहिलीच पाहिजेत. व्यापारी लांब दांडा मागतो, कापणारा मजूर बुडाशी विळा घालतो, आणि चार इंच जास्त दांड्यापायी पुढचं बियाणं जातं. ज्या ओळी अशा बुडातून कापल्या गेल्यात, तिथले कंद वेगळे ठेवा. ते बारीकच निघणार.

मार्चात एवढंच करा:
- जमीन बघून हलकं पाणी, वाफ्यात साचू न देता
- नत्र खत बंद
- तण हाताने उपटा, खुरपं कंदाला लावू नका
- पिवळी पडून एका बाजूला कललेली झाडं कंदासकट उपटून जाळा

शेवटची ओळ सोडू नका. अशा झाडांना फ्युजेरियम बुरशीचा मर रोग झालेला असतो. असा कंद आडवा कापला की मधला गाभा तपकिरी दिसतो. बुरशी जमिनीत वर्षानुवर्षं टिकते, तेव्हा त्या रानात किमान तीन वर्षं ग्लॅडिओलस नको.

या दिवसांत दुकानात ‘कंद फुगवणारं’ टॉनिक पुढे केलं जातं. कंद फुगतो तो पानांमुळे, बाटलीमुळे नाही. पानं कापून टाकली असतील तर महागडं टॉनिकही वाया, आणि पानं शाबूत असतील तर त्याची गरज नाही.

काढणीची वेळ पानांवरून ठरते: ती पिवळी पडू लागली पाहिजेत. पण खरी खूण मातीखाली आहे. चार-पाच ठिकाणी उकरून कंदाभोवतीची पिल्लं, म्हणजे बारीक कंद, बघा. पांढरी असतील तर थांबा. चारातलं एक तपकिरी झालं असेल तर काढणी धरा. त्याआधी दोनेक आठवडे पाणी तोडा. भारी काळ्या रानात ढेकूळ इतकं कडक होतं की टिकावाने कंद फुटतात. तिथे एक हलकं पाणी देऊन वाफशावर, म्हणजे चिखल न राहता माती ओलसर असताना, काढा.

आता अवकाळीचं. मार्च-एप्रिलमध्ये दुपारनंतर ढग भरून येतात आणि तासाभरात शेतातल्या सऱ्या पाण्याने वाहू लागतात. तयार कंद अशा पाण्यात राहिला की बुडापासून सडतो. वेधशाळेने वादळी पावसाचा इशारा दिला आणि पिल्लं तपकिरी व्हायला लागली असली, तर आठवडाभर आधी काढलेलं परवडतं. कंद थोडा लहान राहील, पण राहील. पाऊस पडून गेलाच तर आधी चर काढून पाणी बाहेर घाला. चिखलातून कंद ओढू नका, वाफसा येऊ द्या.

काढल्यावर पात कंदाच्या वर बोटभर ठेवून कापा. उन्हात नाही, हवेशीर सावलीत एका थरात दोन-तीन आठवडे पसरा. वाळलेला कंद हातात घेऊन अंगठ्याने खालची सुरकुतलेली जुनी चकती, म्हणजे लावलेला जुना कंद, ढकला. ती टक्‌कन सुटली की वाळवण पुरं. चिवटपणे लोंबत असेल तर अजून आठवडा द्या. बूड मऊ लागलं तर कंद फेका.

मग हातमोजे घालून प्रक्रिया: कॅप्टन ३ ग्रॅम किंवा कार्बेन्डाझिम २ ग्रॅम प्रति लिटर पाण्यात अर्धा तास बुडवा आणि सावलीत पुन्हा खडखडीत वाळवा. ओले कंद शीतगृहात गेले की निळसर बुरशी धरते आणि एका कंदावरून पोतंभर पसरते. जाळीचे क्रेट किंवा गोणपाट वापरा, प्लास्टिकची पोती नकोत. ४ ते ५ अंश सेल्सिअसला तीन महिने ठेवलं की सुप्तावस्था मोडते. लावणीआधी काही दिवस बाहेर सावलीत काढून ठेवा.

जातींचं म्हणाल, तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या फुले गणेश, फुले प्रेरणा, फुले नीलरेखा आहेत. पांढऱ्यात व्हाइट प्रॉस्पेरिटी, पिवळ्यात समर सनशाइन, नारिंगी-लालमध्ये हंटिंग साँग. नीलरेखाचा एखादा दांडा खालची दोन फुलं उमलू देऊन सकाळच्या तिरप्या उन्हात बघाच. मात्र जाती मिसळू नका. काढणीला सगळे कंद सारखेच दिसतात, म्हणून ओळीगणिक चिठ्ठी लावा.

गच्चीवाल्यांसाठी: हल्ली कॉरिडॅलिस या फुलझाडाचे कंद ऑनलाइन दिसतात. फूल देखणंच. पण ते हिमालय, चीन, युरोपातल्या थंड मुलखांचं झाड. त्यातल्या कॉरिडॅलिस सॉलिडा या जातीला हिवाळ्याची खरी थंडी लागते. पुण्याच्या एप्रिलपुढे तिचा टिकाव नाही. त्या पैशात ग्लॅडिओलसचे ४-५ सेंटीमीटर व्यासाचे कंद घ्या, ऑक्टोबरात १२ इंची कुंडीत तीन, ५ ते ७ सेंटीमीटर खोल. कुंडीच्या तळाचं भोक उघडं आहे ना, ते माती भरण्याआधी काडी घालून बघा.