फ्लूच्या टी-पेशींवर काम सुरू करताना

इन्फ्लुएन्झावर काम करणाऱ्या प्रयोगशाळेत नव्याने आलात तर एक गोष्ट आधी डोक्यात पक्की बसवा: टी-पेशीला (प्रतिकारशक्तीची एक पांढरी पेशी) अख्खा विषाणू दिसतच नाही. अँटिबॉडी विषाणूच्या अंगावरचं हिमॅग्लुटिनिन हे प्रथिन थेट पकडते. टी-पेशीला मात्र प्रथिनाचा तुकडा एचएलए (पेशीच्या पृष्ठभागावर असे तुकडे मांडणाऱ्या) रेणूच्या खाचेत बसवून दाखवावा लागतो. बाधित पेशीतला प्रोटिएझोम प्रथिनं कापतो आणि त्यातले साधारण ८ ते १० अमिनो आम्लांचे तुकडे क्लास-१ एचएलएवर चढून पृष्ठभागावर येतात. म्हणून विषाणूच्या पोटातली एनपी आणि एम१ प्रथिनंही सीडी८ पेशींना (बाधित पेशी मारणाऱ्या टी-पेशींना) सापडतात. १९८६ साली अ‍ॅलन टाउनसेंड आणि सहकाऱ्यांनी एनपीच्या छोट्या पेप्टाइडांनी (प्रथिनाच्या तुकड्यांनी) हे दाखवून दिलं.

सरावाला एम१मधला ५८ ते ६६ हा तुकडा घ्या: जीआयएलजीएफव्हीएफटीएल (एक इंग्रजी अक्षर म्हणजे एक अमिनो आम्ल). दुसऱ्या जागेवरचा आयसोल्युसिन आणि शेवटचा ल्युसिन एचएलए-ए*०२:०१ या प्रकाराच्या कप्प्यांत रुततात. मधला भाग जवळजवळ सपाट राहतो. त्याला ओळखणाऱ्या बहुतेक टी-पेशी रिसेप्टरांत टीआरबीव्ही१९ ही प्रथिनसाखळी असते आणि तिच्यातला एक आर्जिनिन बरोबर तिथल्या खाचेत शिरतो.

इथेच नवखे फसतात. एचएलएच्या रिपोर्टवर नुसतं ‘ए२’ लिहिलेलं पुरत नाही. भारतीयांत ए२चाच ए*०२:११ हा प्रकार बराच आढळतो, म्हणून चार अंकी (०२:०१ सारखं) टायपिंग मागवाच. एचएलए माहीत नसेल तर १५ अमिनो आम्लांची, ११ने एकमेकांवर चढणारी पेप्टाइडं एकत्र करून वापरा. एचएलए न जुळल्यामुळे एलिस्पॉट चाचणीत (तिच्यात प्रतिसाद देणारी प्रत्येक पेशी एक ठिपका सोडते) ठिपके आले नाहीत, तर ‘प्रतिकारशक्ती नाही’ असं लिहिणं साफ चूक आहे.

एलिस्पॉटचा निकाल बहुतेक वेळा गोठवलेल्या पेशी वितळवतानाच ठरतो. व्हायल ३७ अंशांच्या पाण्यात धरा, बर्फाचा छोटा खडा उरला की काढा, कोमट मीडियम थेंबाथेंबाने घाला. घाई केली की पेशी फुटतात, त्यांचा डीएनए चिकट गोळे करतो. रात्रभर विसावू द्या. ८० टक्क्यांहून कमी जिवंत असतील तर पुढे जाऊ नका. प्लेटच्या प्रत्येक वेलमध्ये (खळग्यात) २ लाख पेशी, पेप्टाइड मिलिलिटरला २ मायक्रोग्रॅम, तीन-तीन वेल. निगेटिव्ह कंट्रोलमध्ये डीएमएसओ (पेप्टाइडाचा द्रावक) तेवढंच हवं, पॉझिटिव्हला पीएचए (टी-पेशींना सरसकट चेतवणारं). मग १८ ते २० तास प्लेटला हातही लावू नका; ती हलली की गोल ठिपक्यांऐवजी शेपटीवाले ओघळ दिसतात आणि ते मोजता येत नाहीत.