लेंटमध्ये कन्फेशनला जायचंय? अशी करा तयारी

लेंट म्हणजे ईस्टरआधीचा पश्चात्तापाचा काळ, राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंत ४० दिवस मिळतात, रविवार त्यात धरत नाहीत, पण बरेच जण कन्फेशन, म्हणजे फादरसमोर पापांची कबुली, शेवटच्या आठवड्यावर ढकलतात आणि मग एवढी गर्दी होते की धड बोलताच येत नाही, म्हणून लवकर जा. आदल्या रात्री बायबलमधलं स्तोत्र ५१ सावकाश वाचा, दहा आज्ञा समोर ठेवून कुठे चुकलो ते आठवा. फादरसमोर सरळ सांगा, अमका असं वागला म्हणून मी तसं केलं, असली कारणं नकोत, फक्त आपलं पाप. लाज वाटतेच हो, पण फादर ते कुणालाच सांगू शकत नाहीत, आणि बायबलमधल्या लूक १५ मधला बाप बघा ना, घर सोडून गेलेला मुलगा परत येताना लांब असतानाच धावत सुटला, त्याचं ठरवून आणलेलं बोलणं पूर्णही होऊ दिलं नाही! मला देवाची दया इथेच सगळ्यात स्पष्ट दिसते. दिलेलं प्रायश्चित्त त्याच दिवशी करा.

आता अवघड भाग, ज्याने आपल्याला दुखावलं त्याला माफ करणं. राग लगेच जात नाही, आणि माफ करणं म्हणजे अन्याय सोसत राहणं असंही नाही, पण रोज त्याचं नाव घेऊन प्रार्थना करा, मन तयार नसलं तरी.